‘त्याच्यासारखं येत नाहीये’ म्हणतात, काय करू?

पत्र:

ताई, नमस्कार. मी २४ वर्षांचा आहे, कर्वेनगरला राहतो. दिवसा हिंजवडीत नोकरी आणि संध्याकाळी सदाशिव पेठेतल्या एका हॉलमध्ये तालीम. आमच्या संस्थेचं एक बालनाट्य दर उन्हाळ्याच्या सुट्टीत लागतं. त्याचा नायक लक्ष्मी रोडवरच्या दुकानात साड्या दाखवणारा साधा सेल्समन आहे आणि संकट आलं की मुखवटा घालून सुपरहिरो होतो. इतकी वर्षं ही भूमिका आमचा एक सीनियर दादा करायचा. प्रेक्षागृहाच्या मागच्या दारातून एन्ट्री, कमरेवर हात, गडगडाटी हसणं. पोरं खुर्च्यांवर उभी राहायची. दादा मालिकेसाठी मुंबईला गेला आणि रिप्लेसमेंट म्हणून मला घेतलं. आता प्रत्येक तालमीनंतर निर्माते म्हणतात, ‘त्याच्यासारखं येत नाहीये.’ मी रोज रात्री मोबाइलवर दादाच्या प्रयोगाचं रेकॉर्डिंग बघतो, आरशासमोर ते हसणं काढतो, पण जमत नाही. ताई, लोक म्हणतात सुपरमॅन म्हणजे ख्रिस्तोफर रीव्ह, वूल्व्हरिन म्हणजे ह्यू जॅकमन. त्यांच्यात असं काय असतं? ते माझ्यात नसेल तर मी भूमिका सोडून द्यावी का?

उत्तर:

प्रिय मित्रा,

भूमिका सोडू नकोस. बाकीचं सावकाश वाच, पण एवढं आधी ऐक. आणि ते रेकॉर्डिंग आजपासून बंद कर. का, ते पुढे येईलच.

तुझा प्रश्न मला फार आवडला. आपल्याकडे नाटकवाली माणसं सुपरहिरोंच्या सिनेमांकडे जरा वरूनच बघतात. उडणं, मारामारी आणि कॉम्प्युटरची करामत, त्यात अभिनय कुठे आला, असं म्हणतात. मला ते पटत नाही. एकच पात्र पाच-सहा नटांनी कसं केलं, हे शेजारी शेजारी ठेवून बघायची सोय या सिनेमांइतकी क्वचितच कुठे मिळते. सुपरमॅन १९३८ चा, बॅटमॅन १९३९ चा, स्पायडरमॅन १९६२ चा. पोशाख तोच, गोष्ट बरीचशी तीच आणि नट बदलत गेलेले. नटानं स्वतःचं काय आणलं, ते अशा वेळी स्वच्छ दिसतं.

एखादा नट म्हणजेच ते पात्र, असं का होऊन जातं? पहिलं कारण लोक देतात ते लहानपणाचं. जो आधी पाहिला तोच खरा. यात तथ्य आहेच. १९९७ नंतर ज्यांनी रविवारी दुपारी जेवणाचं ताट घेऊन दूरदर्शनसमोर बैठक मारली, त्यांना शक्तिमान म्हटलं की मुकेश खन्नाच दिसणार. पण एवढ्यानं भागत नाही. रीव्ह काही पहिला सुपरमॅन नव्हता. १९४८ च्या पडद्यावरच्या मालिकेत कर्क अ‍ॅलिन होता आणि १९५२ ते १९५८ या काळात टीव्हीवर जॉर्ज रीव्ह्ज होता. अमेरिकेतली एक अख्खी पिढी त्या दुसऱ्या रीव्ह्जला बघत मोठी झाली. १९७८ साली ख्रिस्तोफर रीव्ह हा पंचविशीतला, फारसा कुणाला माहीत नसलेला मुलगा आला तेव्हा त्या पिढीच्या मनातली जागा भरलेली होती. तरी ती त्याला मिळाली. तेव्हा ‘दादा आधी होता, मी नंतर आलो’ ही तुझी मनातल्या मनातली तक्रार आत्ताच बाजूला ठेव. आणि तुझ्या बाबतीत तर ती तक्रार खरीही नाही. येत्या मे महिन्यात तिसऱ्या रांगेत बसणारं पाच वर्षांचं पोर दादाच्या पहिल्या प्रयोगाच्या वेळी जन्मालाही आलेलं नव्हतं. त्याच्यासाठी पहिला तूच आहेस.

दुसरं कारण देहाचं. उंची, खांदे, जबडा. हातांतून धारदार नखं बाहेर काढणारा कॉमिक्समधला वूल्व्हरिन जेमतेम पाच फूट तीन इंच, ठेंगणा आणि बसका आहे. जॅकमन सहा फूट दोन इंच. शिवाय ती भूमिका मुळात दुसऱ्या नटाला दिलेली होती, तो नट आधीच्या चित्रपटात अडकला म्हणून जॅकमन आला. म्हणजे तोही रिप्लेसमेंटच. २००० सालापासून २०२४ पर्यंत तो त्या भूमिकेत येत राहिला आणि आज उंचीबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. मायकेल कीटनला बॅटमॅन म्हणून निवडलं तेव्हा स्टुडिओकडे हजारो निषेधपत्रं गेली होती. हा विनोदी नट, याला ना उंची ना हनुवटी, असा सूर होता. १९८९ साली सिनेमा आला आणि तो सूर बंद पडला.

आणि केव्हिन कॉनरॉयचं काय करशील? १९९२ च्या ॲनिमेशन मालिकेपासून पुढची जवळपास तीस वर्षं तो बॅटमॅनचा नुसता आवाज होता. चेहरा नाही, शरीर नाही. तरी असंख्य चाहते आजही शपथेवर सांगतील की बॅटमॅन तोच. त्यानं केलं काय? दोन आवाज केले. श्रीमंत ब्रूस वेनचा, म्हणजे मुखवटा नसतानाच्या बॅटमॅनचा, हलका, दिलखुलास, पार्ट्यांमधला आवाज, आणि बॅटमॅनचा खालचा, जड आवाज. त्यात गंमत अशी की बॅटमॅनचा आवाज त्यानं मूळचा धरला आणि ब्रूस वेनचा आवाज म्हणजे लोकांसाठी घातलेलं सोंग. मुखवटा नक्की कोणता, हा प्रश्न त्यानं स्वतःला विचारला आणि उत्तर गळ्यातून दिलं.

मला जे म्हणायचंय ते इथे सुरू होतं. अशा प्रत्येक पात्राच्या पोटात एक प्रश्न असतो. लेखक तो लिहून ठेवतो किंवा ठेवतही नाही, कधी कधी त्यालाही तो पुरता कळलेला नसतो. ज्या नटाला तो प्रश्न स्वतःचा वाटतो आणि जो त्याचं उत्तर स्वतःच्या शरीरातून काढतो, त्याच्यावर लोक त्या पात्राचं नाव कोरतात. उत्तराची नक्कल करणारा नट कितीही तयारीचा असो, त्याच्याकडे बघताना प्रेक्षकाला आधीचाच आठवत राहतो.

सुपरमॅनचंच घे. जो डोंगर उचलू शकतो, तो ऑफिसात लोकांचे धक्के खात, चष्मा सावरत, ‘सॉरी सॉरी’ करत का हिंडतो? रीव्हच्या १९७८ च्या सिनेमात एक प्रसंग आहे, तो तू आज रात्री दादाच्या रेकॉर्डिंगऐवजी बघ. ऑफिसातली सहकारी लोइस सुपरमॅनबरोबर आकाशात फिरून आलीये. आता क्लार्क केंट, म्हणजे चष्म्यातला साधा वार्ताहर झालेला तोच सुपरमॅन, तिला बाहेर न्यायला तिच्या घरी आलाय. ती आतल्या खोलीत आहे. तो एकटा. त्याच्या मनात येतं, आता सांगूनच टाकावं. तो चष्मा काढतो. पाठीचा कणा सरळ होतो, खांदे मागे जातात, मान वर येते, आवाज खाली उतरतो. तोच कोट अंगावर, आणि खोलीत आता दुसरा माणूस उभा आहे. तिची चाहूल लागते आणि धीर सुटतो. चष्मा पुन्हा डोळ्यांवर, खांदे आत, आवाज वर, पुन्हा तो गोंधळलेला वार्ताहर. उडणं नाही, केप नाही, एकही ट्रिक नाही. हा काही क्षणांचा प्रसंग बघितला की कळतं, रीव्हनं सगळी मेहनत क्लार्कवर केली होती. भांग सुद्धा दोघांचा दोन बाजूंना. न्यूयॉर्कच्या ज्युलियार्डसारख्या नाट्यविद्यालयात शिकलेला तो नट होता. पोशाखाखाली नकली स्नायू भरायला त्यानं नकार दिला आणि व्यायाम करून शरीर कमावलं, हे खरंच. पण ते शरीर क्लार्कच्या कोटात लपवायची कला त्याच्याकडे नसती, तर तो एक देखणा पहिलवान होऊन राहिला असता.

त्या प्रसंगात मला सगळ्यांत जास्त भिडतं ते हे, की चष्मा परत घालताना त्याला वाईट वाटतं. ताकद त्याला कधीच कमी पडत नाही. कमी पडतो तो कुणाला तरी खरं सांगता येण्याचा आनंद.

जॅकमनचा प्रश्न निराळा. ज्याच्या जखमा लगेच भरून येतात त्या माणसाला दुखतं का? पहिल्याच सिनेमात एक घाबरलेली मुलगी त्याला विचारते, नखं बाहेर येतात तेव्हा दुखतं का. तो म्हणतो, दर वेळी. किती थोडे शब्द! पण पुढची सगळी वर्षं जॅकमननं त्याच उत्तराच्या आधारावर काढली. मारामारी करताना त्याच्या चेहऱ्यावर जिंकल्याचा आनंद शोधून बघ, सापडणार नाही. २०१७ च्या सिनेमात तो म्हातारा, लंगडणारा, खोकणारा होऊन येतो तेव्हा आपल्याला धक्का बसत नाही, कारण हा माणूस आतून किती दमलेला आहे हे आपल्याला २००० सालीच कळलेलं असतं.

चॅडविक बोसमनचं उदाहरण तर प्रत्येक तरुण नटानं जपून ठेवावं. ब्लॅक पँथर हा वाकांडा या काल्पनिक आफ्रिकी देशाचा राजा. या देशावर कुणीही परकी सत्ता कधी आली नाही. मग हा राजा ब्रिटिश किंवा अमेरिकी उच्चारात का बोलेल? असा प्रश्न बोसमननं उभा केला आणि आफ्रिकी उच्चारांचा आग्रह धरला. स्टुडिओत शंका होती की लोकांना हे झेपेल का. तो ठाम राहिला. एका उच्चारानं त्या राजाची पाठ ताठ झाली, त्याच्या देशाचा इतिहास त्याच्या जिभेवर आला. २८ ऑगस्ट २०२० ला बोसमन गेला, तेव्हा कळलं की यातली बरीचशी कामं त्यानं कॅन्सर अंगावर काढत केली होती. २०२२ च्या पुढच्या भागात त्या राजाच्या जागी दुसरा नट उभा केला नाही. राजाचा मृत्यू कथेत घेतला आणि मुखवटा बहिणीकडे गेला. मला तो निर्णय योग्य वाटतो, तरी मी त्याचा नियम करणार नाही. पात्रानं पुढे जगावं, नव्या नटाच्या अंगात यावं, हेही तितकंच प्रेमाचं आहे. तुझी संस्था नाटक बंद करू शकली असती. तिनं तुला बोलावलं.

आता ज्यानं हा सगळा हिशेबच अवघड करून ठेवलाय त्या स्पायडरमॅनकडे ये. टोबी मॅग्वायर, अँड्र्यू गारफिल्ड, टॉम हॉलंड. यांतला अंतिम कोण? फर्ग्युसन रस्त्यावरच्या कुठल्याही टेबलावर विषय काढ, चहा संपेल पण वाद संपणार नाही. माझ्या मते तो संपूच नये. स्पायडरमॅनच्या पोटात एकाहून जास्त प्रश्न आहेत आणि तिघांनी तीन निवडले. २००४ च्या सिनेमात मॅग्वायर धावती आगगाडी अंगाच्या ताकदीवर थांबवून बेशुद्ध पडतो, मुखवटा गेलेला असतो, आणि डब्यातली माणसं त्याला हातांवर अलगद आत घेतात. कुणीतरी म्हणतं, हा तर पोरगा आहे. एवढं ओझं एवढ्याशा पोरानं का उचलावं, हा त्याचा प्रश्न. गारफिल्डचा प्रश्न दुःखाचा. २०१४ मध्ये त्याला प्रेयसीला वाचवता आलं नाही. २०२१ मध्ये तो तशाच पडणाऱ्या दुसऱ्या मुलीला झेलतो आणि त्याचा चेहरा बघवत नाही. आणि हॉलंड २०१७ मध्ये ढिगाऱ्याखाली अडकतो तेव्हा शाळकरी मुलासारखा रडून मदत मागतो. समोरच्या पाण्यात स्वतःचं प्रतिबिंब दिसतं, अर्धा चेहरा, अर्धा मुखवटा, आणि तो स्वतःलाच हाक मारून उठतो. मी मोठा कधी झालो, मला कुणी सांगितलं का नाही, असा तो प्रश्न. तिन्ही उत्तरं खरी आहेत. मॅग्वायर उत्तम होता म्हणून हॉलंड खोटा पडला नाही, कारण हॉलंडनं मॅग्वायरचा प्रश्न उचललाच नाही.

सगळं नटावर ढकलणंही अन्यायाचं होईल. हेन्री कॅव्हिल बघ. सुपरमॅनचं चित्र काढायला बसलं तर हाच चेहरा निघावा. पण २०१३ च्या त्या सिनेमात चष्म्यातला, वर्तमानपत्राच्या ऑफिसातला क्लार्क येतो तो अगदी शेवटी. नटाला दुसरा माणूस दाखवायला जागाच दिली नाही. मला त्याच्याबद्दल नेहमी हळहळ वाटते. २०२५ मध्ये डेव्हिड कोरेन्स्वेट आला, तोही ज्युलियार्डचाच, आणि त्याच्या सिनेमात क्लार्क पुन्हा ऑफिसात बसलेला दिसला. तेव्हा तुझ्या संहितेत साध्या सेल्समनला किती प्रसंग आहेत ते आधी मोज. दोनच असतील तर दिग्दर्शकाशी बोल. नवं पान लिहून मागू नकोस, आहे त्या प्रसंगात जरा थांबायला वेळ माग.

तुला वाटेल, हे सगळं परदेशातलं, आपलं काय? आपलं तर याहून जवळचं आहे. अत्र्यांच्या ‘तो मी नव्हेच’मध्ये प्रभाकर पणशीकर फिरत्या रंगमंचावर एका भामट्याची वेगवेगळी सोंगं उभी करायचे, चाल बदलून, आवाज बदलून, नजर बदलून. कोर्टातल्या माणसांना तो सापडत नाही आणि प्रेक्षागृहातल्या शेवटच्या रांगेला सगळं ठाऊक असतं. क्लार्क केंटच्या चष्म्याची मजा हीच आहे. गुपित प्रेक्षकाला माहीत असतं. हे बालनाट्यात सोन्याच्या मोलाचं आहे, यावर मी परत येते.

आणि नटसम्राट! १९७० मध्ये डॉ. श्रीराम लागूंनी अप्पासाहेब बेलवलकर केले, ती भूमिका आता दुसऱ्या कुणाची होणं शक्य नाही असं म्हणणारे तेव्हाही होते. पुढे दत्ता भटांनी केली, सतीश दुभाषींनी केली, यशवंत दत्तांनी केली. आजही पुण्यात अशी घरं आहेत जिथे आजोबा लागूंच्या बाजूनं आणि आजी दत्ता भटांच्या बाजूनं बोलतात. त्या प्रत्येक नटानं लागूंची स्वगतं ऐकलेली असणार. त्यांनी लागूंचा आवाज काढायचा प्रयत्न केला असता, तर ही नावं आज कुणी घेतली नसती.

तर आता तुझा सेल्समन.

एका सुट्टीच्या दिवशी लक्ष्मी रोडवर जा. ओळखीचं दुकान असेल तर मालकांची परवानगी घेऊन तासभर कोपऱ्यात उभा राहा. साडी दाखवणाऱ्या माणसाचे हात बघ. घडी एका झटक्यात कशी उलगडतो, पदर गिऱ्हाइकाच्या पुढ्यात कसा टाकतो, काठ बोटांवर कसा धरतो. पंचवीस साड्या बघून बाई काहीच न घेता उठतात तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर काय येतं, आणि मग तो ढिगारा एकेक करून पुन्हा घडीत कसा बसवतो. ते हात शिकून घे. घरी आईची साडी घे आणि घडी घालायचा सराव कर, इतका की संवाद म्हणताना हातांकडे बघावं लागू नये.

मग स्वतःला विचार, ज्याच्या मुठीत भिंत फोडायची ताकद आहे, त्याच्या बोटांना जरीचा नाजूक काठ कसा लागत असेल? तो किती जपत असेल? एखादी घडी चुकून जोरात दाबली गेली तर तो दचकेल का? तुझ्या पात्राची सगळी ताकद मला त्या दुकानात दिसली पाहिजे, मुखवटा यायच्या कितीतरी आधी. दादानं हे केलं होतं का, तू लिहिलं नाहीस. तुझ्या पत्रात दादाची एन्ट्री आहे, हसणं आहे, कमरेवरचे हात आहेत, पण दुकानातला दादा कसा होता याबद्दल एक ओळ नाही. कदाचित तिथे तुझ्यासाठी जागा मोकळी आहे.

आणि प्रश्न? तो मी का सांगू? पण तुझ्या पत्रातल्या दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यांकडे बोट मात्र दाखवते. दिवसा हिंजवडीत नोकरी, संध्याकाळी तालीम. तुझ्या ऑफिसातल्या किती जणांना माहीत आहे की तू नाटकात काम करतोस? तू त्यांना सांगत नसशील तर का नाही? सांगितलंस आणि त्यांनी हसण्यावारी नेलं, तेव्हा काय वाटलं? बसच्या गर्दीत पुटपुटत संवाद पाठ करताना शेजारच्यानं बघितलं तर तू गप्प होतोस ना? दोन आयुष्यं जगणाऱ्या माणसाची भूमिका करायला संस्थेला तुझ्याहून योग्य माणूस मिळाला नसता. बेअरिंग सापडत नाही म्हणून तू मोबाइलमध्ये शोधतोयस. ते तुझ्या रोजच्या हिंजवडी ते सदाशिव पेठ या प्रवासात आहे. मग निर्मात्यांना हवं ते हसणंही येईल, पण ते दिवसभर गप्प बसलेल्या माणसाचं, अखेर मोकळं झालेलं हसणं असेल. त्याचा आवाज दादाच्या निम्मा असला तरी चालेल.

हसण्याबद्दल एक व्यावहारिक गोष्ट. संहिता उघडून बघ, ते हसणं लिहिलेलं आहे की दादानं भर घातली होती? लिहिलेलं असेल तर ते पात्राचं आहे, तुला ते करावंच लागेल आणि मनापासून कर. जॉन विल्यम्स यांनी १९७८ च्या सुपरमॅनला दिलेली धून २०२५ च्या सिनेमातही ऐकू येते, ती आता त्या पात्राचीच झाली आहे. पण ते हसणं दादाच्या गळ्यातून आलेलं असेल, तर ते त्याच्याबरोबर मुंबईला गेलं असं समज. उसना सदरा खांद्यात कधी बसत नाही.

मुखवटा रंगीत तालमीपर्यंत पेटीत ठेवू नका. आजपासून घालून तालीम कर. मुखवट्यात घाम येतो, श्वास कोंडतो, बाजूचं दिसत नाही, आणि मे महिन्यातल्या दुपारच्या प्रयोगात हे सगळं दुप्पट होतं. कीटनला बॅटमॅनच्या त्या जाड पोशाखात मान वळवता येत नव्हती, म्हणून तो कमरेपासून वरचं सगळं अंग एकदम वळवायचा. अडचणीतून आलेली ती हालचाल लोकांना इतकी भावली की बॅटमॅन म्हणजे तसाच वळणारा, असं होऊन गेलं. तुझ्या मुखवट्याची अडचण काय आहे ते शोध आणि तिलाच कामाला लाव. चेहरा झाकला की मान, खांदे, तळवे बोलतात. मुखवट्यातही तुझे तळवे साडीवाल्याचे राहिले, म्हणजे पडलेल्या मुलाला उचलताना ते तसेच जपून पुढे आले, तर पोरं ओळखतील. न सांगता ओळखतील.

आता ते गुपित. मागच्या दारातून अंधारात एन्ट्री ही दादाची हुकमाची गोष्ट होती, मान्य. पण मुलांच्या नाट्यशिबिरात शिकवताना मी पाहिलंय, तीन-चार वर्षांची पोरं अंधारात अचानक पाठीमागून आलेल्या मुखवट्याला घाबरतात, आणि एक रडायला लागलं की रांग रडते. आणखी एक पाहिलंय. मुलं आपापसात सुपरहिरो खेळतात तेव्हा उडायचा कंटाळा त्यांना लवकर येतो. पडद्यामागे साधा मुलगा म्हणून जायचं आणि हिरो होऊन बाहेर यायचं, हे मात्र ती पुन्हा पुन्हा करतात. त्यांना तो बदल हवा असतो. तेव्हा दिग्दर्शकाला विचारून बघ, निदान पहिला बदल मुलांच्या डोळ्यांदेखत रंगमंचावर करता येईल का. दुकान बंद झालंय, तू एकटा आहेस, शेवटची साडी घडी करून ठेवतोस, इकडेतिकडे बघतोस, आणि थेट पोरांकडे बघून ओठांवर बोट ठेवतोस. मग मुखवटा. त्यानंतर नाटकातलं जे जे पात्र ‘हा कोण?’ म्हणेल, तेव्हा सगळं प्रेक्षागृह तुझ्या बाजूचं असेल.

दादाला फोन कर. रागावून नको, हेव्यानं नको. त्यानं ही भूमिका वर्षानुवर्षं सांभाळली म्हणून ती तुझ्यापर्यंत आली. तो हसायचा कसा, हे विचारू नकोस. कोणत्या प्रसंगात पोरं चुळबुळ करायची आणि त्याला स्वतःला कुठे कधीच समाधान मिळालं नाही, ते विचार. नट या गोष्टी मनापासून सांगतात, कारण त्या त्यांना सहसा कुणी विचारत नाही.

निर्मात्यांशी वाद घालू नकोस. त्यांनी हॉलचं भाडं भरलंय, तारखा घेतल्यात, गेल्या वर्षीच्या हाऊसफुल्लच्या पाट्या त्यांच्या डोळ्यांसमोर आहेत, त्यांची भीती खरी आहे. त्यांच्याकडे एकच गोष्ट माग. रंगीत तालमीच्या आधी एक तालीम मुलांसमोर. सोसायटीतली, नात्यातली दहा-पंधरा पोरं बोलाव, निम्मी आधी नाटक पाहिलेली आणि निम्मी न पाहिलेली. आयांना बाहेर चहाला पाठव. आणि निर्मात्यांना समोरच्या खुर्चीवर वही घेऊन बसू देऊ नकोस, पोरांच्या मधोमध सतरंजीवर बसव.